हसाजी मिस्त्रींची हरकत

सरकारी गॅझेट आवडीने वाचणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. वाचनालयात लोक येतात ते वर्तमानपत्रासाठी, नाहीतर नवी कादंबरी दुसऱ्या कुणी पळवायच्या आत आपण पळवावी म्हणून. पनवेलच्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण कुलूप उघडण्यापासून माठ भरण्यापर्यंत सगळी कामं माझ्याकडेच होती. वाचनालयाला सरकारी अनुदान असल्यामुळे गॅझेट दर गुरुवारी फुकट यायचं. मी त्याच्यावर शिक्का मारून ते खिडकीजवळच्या फळीवर टाकायचो. पावसाळ्यात खिडकीच्या फटींत कोंबायला तो कागद फार चांगला होता.

एका गुरुवारी दुपारी एक ठेंगणे, खाकी अर्धी चड्डी घातलेले गृहस्थ आले आणि त्यांनी त्या फटीतला बोळा उपसून काढला. तो टेबलावर ठेवून दोन्ही तळव्यांनी सरळ केला आणि मला विचारलं, "मास्तर, ह्याच्या आधीचं पान कुठाय?"

आधीचं पान दुसऱ्या खिडकीत होतं. मी ते ओशाळून काढून दिलं. त्या दिवसापासून मी गॅझेट फटींत घालणं सोडलं.

ते हसाजी मिस्त्री. स्टेशनच्या बाजूला असलेल्या भाताच्या गिरणीत ते इंजिनावर होते. खरं नाव यहेज्केल, पण ते फक्त लग्नाच्या कागदावर. जातीने बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांचे वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून बसायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. घरात बोलणं आपल्यासारखंच मराठी, कालवणात नारळाचा रस, प्रार्थना तेवढी हिब्रू. आपल्या प्रार्थनामंदिराला ते मशीद म्हणत, त्यामुळे परगावचा माणूस हमखास गोंधळायचा. त्या गोंधळाची त्यांना मोठी गंमत वाटायची.

गिरणीतून यायचे ते केसांवर, भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर कोंड्याची पूड घेऊन. दारात उभे राहून अंग झटकायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. खिशात जांभळी शाईपेन्सिल. तिचं टोक जिभेवर ओलं करून लिहायची सवय होती, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मिस्त्रींचे ओठ जांभळ्या रंगाचे झालेले असत. इंग्रजी त्यांना अक्षर जुळवून वाचता येई. अर्थासाठी ते माझ्याकडे येत.

"मास्तर, हे काय म्हणतंय?"

मी सांगायचो. सरकार कुठलातरी नियम करू पाहतंय, त्याचा हा मसुदा आहे, आणि ज्याची कुणाची हरकत किंवा सूचना असेल त्याने अमुक तारखेच्या आत कळवावी.

"ज्याची कुणाची म्हणजे?"

"म्हणजे कुणाचीही."

"माझी पण?"

"तुमची पण."

त्यांनी पेन्सिल जिभेवर ओली करून त्या ओळीखाली रेघ ओढली. मला वाटतं, सरकारने आपल्याला काहीतरी विचारलंय ही गोष्ट त्या माणसाने तेवढ्यात खरी मानून टाकली. आपण सगळे ते वाक्य वाचतो आणि पुढे जातो. त्यांनी ते स्वतःला आलेल्या पत्रासारखं वाचलं.

मग हरकतींचा सपाटाच सुरू झाला. बॉयलरचे नियम, होड्यांत किती माणसं बसवावीत त्याचे नियम, एवढंच काय, नाटकाच्या तंबूला दारं किती असावीत याबद्दलसुद्धा त्यांनी सरकारला कळवलं. आयुष्यात नाटक पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो मिस्त्री, नाटकाशी तुमचा काय संबंध?" तर म्हणाले, "आग लागली तर नाटक काय आणि गिरणी काय. माणूस दाराकडेच पळतो." मी मजकूर इंग्रजीत करून दिला. महिन्याने सरकारकडून छापील कार्ड यायचं, पत्र पोचलं, योग्य तो विचार केला जाईल. ती कार्डं त्यांनी एका तारेला ओवून घरात टांगून ठेवली होती.

हरकत हा शब्द त्यांच्या तोंडात असा बसला की विचारू नका. एकदा वाचनालयात कुणीतरी सहज म्हणालं, "ही खुर्ची घेतली तर हरकत नाही ना?" मिस्त्री गॅझेटातून डोकं वर न काढता म्हणाले, "हरकत आहे. मागचा पाय हलतो." आणि त्यांच्या मेहुणीच्या मुलीच्या सुपारीत तर कहरच झाला. बैठकीत मुलाकडच्यांनी रीत म्हणून विचारलं, "मग, कुणाची काही हरकत?" अशा वेळी सगळे हसून "छे छे, कसली हरकत!" म्हणतात आणि नारळ फुटतो. मिस्त्री म्हणाले, "दोन आहेत." आणि त्यांनी दोन्ही सांगितल्या. लग्न मोडता मोडता राहिलं. पुढे दोन वर्षं त्या घरातून त्यांना मलिद्याचं, म्हणजे त्यांच्यातल्या शुभकार्याच्या प्रसादाचं, बोलावणं नव्हतं.

त्यांची दुसरी खोड याहून अवघड होती. कुठेही लोंबतं वस्त्र दिसलं की त्यांना राहवत नसे. माझा मफलर, टपालवाल्याच्या पिशवीचा पट्टा, कुणाचं उपरणं. "खोचा ते आधी." बाजारात मासळीवाल्या बायकांना म्हणायचे, "पदर खोच, बाय." त्या हसायच्या, त्यांचे पदर खोचलेलेच असायचे. पण एकदा पंधरा ऑगस्टला कचेरीपुढे झेंडावंदनाला सगळं गाव जमलेलं असताना त्यांनी मामलेदारांच्या बाईंना तेच सांगितलं. दोन्ही हात जोडून, अगदी अदबीने. बाई लालेलाल झाल्या. शिपायाने मिस्त्रींना दंडाला धरून बाजूला नेलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना चांगलंच झापलं, परस्त्रीच्या पदराबद्दल चारचौघांत बोलतात का?

ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही कधी आमच्या गिरणीत आलायत?"

मी गेलो नव्हतो. तांदूळ खातो, गिरणी कशाला पाहायची?

त्यांनी मला नेलं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वर एक लोखंडी दांडा फिरत होता आणि त्याच्यावरून मोठा चामड्याचा पट्टा खाली इंजिनाच्या चाकापर्यंत आलेला. पट्टा इतक्या जोरात पळत होता की पळतोय हे दिसतच नव्हतं, नुसता उभा असल्यासारखा वाटायचा. त्याच्यापासून दोन हातांवर नेरे गावाकडच्या सात-आठ बायका वाकून कोंडा पाट्यांत भरत होत्या. मध्ये काही नाही. कठडा नाही, फळी नाही, दोरीसुद्धा नाही.

त्यांत एक चांगुणा होती. तिशीची असेल. डाव्या हाताने पाटी ओढत होती. उजवा हात कोपरापासून नव्हता.

"शनिवार होता," मिस्त्री म्हणाले. "मी मशिदीत होतो."

एवढंच सांगितलं त्यांनी. बाकीचं मला गावात कळलं. शनिवारी इंजिनावर दुसरा माणूस असायचा. चांगुणाचा पदर सुटला आणि पट्ट्याने ओढून घेतला. त्या माणसाला इंजिन कसं झटकन बंद करायचं ते ठाऊक नव्हतं. कुणीतरी मशिदीत धावत गेलं, मिस्त्री प्रार्थना टाकून अनवाणी धावत आले, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. गिरणीच्या शेठनी दवाखान्याचा खर्च केला आणि तिला कामावर परत घेतलं. गावाने शेठची वाहवा केली.

मिस्त्रींनी मग स्वतःच बांबू आणून पट्ट्यापुढे कठडा बांधला. शेठनी तो चौथ्या दिवशी सोडवला. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचं म्हणणं असं की हमालांना गोणी घेऊन वळसा पडतो, आणि कायद्यात आमच्याएवढ्या गिरणीला कठडा सांगितलेला नाही. "कायद्यात दाखव, लोखंडाचा करून देतो," असं ते म्हणाले. मिस्त्री तिथून थेट वाचनालयात आले होते. तोच तो गुरुवार, खिडकीतल्या बोळ्याचा. कायदा कुठे लिहिलेला असतो ते शोधत आले होते.

साधारण त्याच सुमाराला त्यांची माणसं इस्रायलला निघायला लागली. आज हे घर, उद्या ते. सगळ्या आळीत मलिद्याची ताटं फिरायची, पोहे, नारळ, गूळ, फळं, आणि प्रत्येक ताट म्हणजे एका घराला कुलूप. मिस्त्रींचा मुलगा गेला. मग मिस्त्रींची बायको रिबकाबाई गेल्या. त्यांच्या मलिद्याला मी होतो. पोहे मिस्त्रींनी स्वतः गिरणीतून आणले होते. बाई मला म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही तरी सांगा ह्यांना. तिकीट ह्यांचं पण काढता आलं असतं. म्हणतात, कायदा झाला की येतो."

मिस्त्री म्हणाले, "झाला की येतोच."

"आणि नाही झाला तर?"

"न व्हायला काय झालं? कठडा नाही म्हणून मी हरकत घेतलीय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून पोहे खाल्ले.

त्यानंतर ते गुरुवारी येत ते वाचनालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसत. वाचून झालेलं गॅझेट पुन्हा पहिल्यापासून वाचत. मी किल्ल्या वाजवल्या की उठत. मी लग्न न केलेला माणूस, खाणावळीत जेवणारा. मला वाटायचं की एकटं राहणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं. पण माझ्या घरात पहिल्यापासूनच कुणी नव्हतं. त्यांच्या घरात माणसं राहून गेली होती. एकदा त्यांच्याकडे गेलो तर स्वयंपाकघरात रिबकाबाईंचा पाट मांडलेला होता तसाच होता, आणि मिस्त्री ओट्याशी उभ्या उभ्या भात खात होते.

अखेर तो मसुदा आला. राज्य नवं होतं, नियम नवे लिहिले जात होते. फिरत्या पट्ट्याला कठडा हवा असं त्यात आलं होतं. मिस्त्रींनी माझा हात घट्ट धरला. मग मी पुढची ओळ वाचली. लहान आणि हंगामी गिरण्यांना यातून सूट.

"सूट म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या गिरणीला लागू नाही."

त्यांनी हात सोडला. त्यांची त्या वेळची हरकत ही मी इंग्रजीत केलेली सगळ्यात छोटी हरकत. त्यांनी म्हटलं होतं, पट्टा लहान गिरणीत हळू फिरत नाही.

आणि या वेळी छापील कार्ड आलं नाही. चक्क पत्र आलं. आमच्या भागातून हरकत आल्यामुळे एक अधिकारी पनवेलला येऊन गिरणीतल्या कामगारांचं म्हणणं समक्ष ऐकून घेणार होते. जागा आमचं वाचनालय. मिस्त्री ते पत्र घेऊन बाजारात दुकानोदुकानी फिरले. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. पत्राच्या तळाशी तारीख होती, ती त्यांनी शेवटी पाहिली. शनिवार होता.

वार बदलावा म्हणून लिहिलं. योग्य तो विचार केला जाईल असं कार्ड आलं.

"न जाऊन कसं चालेल?" मी म्हटलं. "एका शनिवारी प्रार्थना चुकली तर देव काय रागावणार आहे?"

"देवाचं नाही हो. आम्ही आता बरोबर दहा पुरुष राहिलोय. प्रार्थनेला दहा लागतात. मी नाही गेलो तर नऊ."

"नऊ जणांत होत नाही?"

"नाही. नऊ जण बसतात थोडा वेळ आणि घरी जातात."

तरी ते आले. शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी, डोक्याला तेल लावून, स्वच्छ शर्ट घालून. पंधरा दिवस ते बायकांना समजावत होते. घाबरू नका, साहेब विचारील त्याला खरं उत्तर द्या, जे मनात असेल ते बोला. बायका नेऱ्याहून चालत आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत अबोली घालून. पाहुण्याकडे जातात तशा. शेठही आले होते. ते आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, त्यामुळे चहा त्यांनीच सांगितला. साहेबांचा कारकून तापाने आजारी होता, म्हणून शेठ म्हणाले, "आमचे मास्तर लिहून घेतील. अक्षर मोत्यासारखं आहे त्यांचं."

साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी मसुदा वाचून दाखवला. तो कुणाला कळला नाही. मिस्त्री उभे राहिले तेव्हा ते म्हणाले, "तुमचं लेखी म्हणणं माझ्याकडे आहे, मी ते नीट वाचलंय. आज मला या बायकांना ऐकू द्या." यात गैर काहीच नव्हतं. मिस्त्री बसले. मग साहेबांनी चांगुणाकडे पाहून विचारलं, "बाई, या नियमाला तुमची काही हरकत आहे का?"

चांगुणा उठली. तुटक्या हातावरून तिने पदर ओढून घेतला. गालात हसली. घरी आलेल्या पाहुण्याने बसू का म्हणून विचारावं तसा तिला तो प्रश्न वाटला असणार.

"आमची कसली हरकत, सायेब? तुमी करताव ते आमच्या बऱ्यासाठीच ना. काय हरकत नाय."

मिस्त्री ताडकन उठले. "चांगुणे! हाय म्हण! हरकत हाय म्हण!"

ती वळली. खरंच शरमली होती ती त्यांच्यासाठी. "अवो मिस्तरी, असं काय करताव? येवड्या लांबून मानूस आलाय."

"कृपा करून साक्षीदारांना पढवू नका," साहेब म्हणाले आणि पुढच्या बाईकडे वळले. तीही म्हणाली, काय हरकत नाय. तिच्या पुढचीही. सात बायकांनी सात वेळा तेच सांगितलं, एकीपेक्षा एक गोड आवाजात. साहेब थोडे गोंधळले होते. चांगुणाच्या हाताकडे त्यांचं लक्ष जात होतं. पण विचारायचं ते त्यांनी विचारलं होतं.

मला कळत होतं. तिथे सरकारची आणि गावाची अशा दोन्ही भाषा कळणारा मिस्त्रींखेरीज मीच होतो. वर्षानुवर्षं गॅझेट वाचून मिस्त्री विसरून गेले होते की त्यांच्या लाडक्या शब्दाला गावात कुणी ओळखत नाही, तिथे तो फक्त 'नाही'च्या सोबतीने येतो. हे साहेबांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. शेठ माझ्याच शेजारी बसून बशीतला चहा पीत होते. मी लिहिलं, उपस्थित कामगारांची हरकत नाही. खाली सातजणींचे अंगठे घेतले.

बाहेर पायरीवर चांगुणा मिस्त्रींची वाट पाहत उभी होती. "बरोबर बोललो ना आमी?"

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस फुटेल.

"बरोबर बोललीस," ते म्हणाले. "छान बोललात सगळ्या."

सोमवारी ते माझ्याकडे आले. गुरुवार नव्हता. बसले नाहीत.

"मास्तर, तुम्हाला कळलं होतं."

"कळलं होतं."

"महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. मी लिहून उपयोग नाही, माझं वाचलंय त्यांनी. ज्याने लिहून घेतलं त्यानेच कळवलं की त्यांना वेगळं म्हणायचं होतं, तर ऐकतील. एक पत्र. मला इंग्रजी आलं असतं तर तुमच्या सहीपुरतंच आलो असतो."

मी म्हटलं, "बघतो."

मराठीत या शब्दाचा अर्थ काय होतो तो आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. त्यांनाही होता. तरी ते महिनाअखेरपर्यंत दोन गुरुवार येऊन समोर गॅझेट उघडून बसले. मी रोज पत्र लिहायला घ्यायचो. मग आठवायचं की अध्यक्षांच्या सहीशिवाय माझा पगार निघत नाही, की माझं वय चाळीस आहे, की दुसरीकडे कोण मला ठेवणार. अशी कारणं शोधायला मला कधी गॅझेट लागलं नाही. मुदत संपली. शेवटच्या गुरुवारी जाताना ते एवढंच म्हणाले, "चांगुणाला सांगू नका. तिला वाटतं तिने काम फत्ते केलं."

नियम छापून आला तेव्हा मी तो मुद्दाम टेबलावर वर ठेवला. लपवण्याइतकी हिंमत नव्हती म्हणा. मिस्त्रींनी बोट फिरवत सगळं वाचलं. या वेळी मला काही विचारलं नाही. सूट जशीच्या तशी होती. त्यांनी गॅझेट मिटलं, त्याच्या घड्या नीट जुळवल्या आणि ते जागेवर नेऊन ठेवलं. "अक्षर खरंच चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ते वाचनालयात आले नाहीत. गॅझेट येत राहिलं, मी शिक्के मारत राहिलो. गुरुवारी संध्याकाळी बंद करायच्या वेळेला किल्ल्या वाजवायला समोर कुणी नसायचं. खाणावळीत जेवून आलो की झोप येईपर्यंत काय करायचं हा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता, तो पडायला लागला. त्यांचं घर माझ्या वाटेवर होतं. मी वाट बदलली.

अलिबागला माझी दुसऱ्या नोकरीची सोय झाली तेव्हा कुठे मला कंठ फुटला. राजीनामा दिला त्या दिवशी मी ते पत्र लिहून काढलं. चांगलं दोन पानी, घडलं ते सगळं, माझ्या मोत्यासारख्या अक्षरात. त्याचा सरकारला आता काही उपयोग नव्हता. मिस्त्रींना द्यावं, निदान वाचून दाखवावं, असं मनात होतं. शनिवार होता, म्हणून आधी मशिदीत गेलो. दाराला कुलूप होतं. पायरीवर त्यांचे म्हातारे हजान, म्हणजे प्रार्थना सांगणारे, एकटेच बसले होते.

"दहा होत नाहीत," ते म्हणाले. "आणखी एक घर जातंय पुढच्या महिन्यात. हसाजी गिरणीत असतो."

"शनिवारी?"

"शनिवारीच काय, रोजच. आम्ही सांगून थकलो. तिकडून बायकोची पत्रं येतात, त्यांना उत्तर पण धाडत नाही."

मी गिरणीत गेलो. इंजिनावर एक तरणा माणूस होता. मिस्त्रींना शेठनी वयामुळे मोकळं केलं होतं, हे मला तिथे कळलं. पट्टा तसाच धावत होता. बायका कोंडा भरत होत्या. आणि दोघांच्या मध्ये, त्या दोन हातांच्या जागेत, मिस्त्री एका उपड्या घातलेल्या डब्यावर बसले होते. पट्ट्याकडे पाठ, बायकांकडे तोंड, गुडघे दोन्ही बाजूंना फाकलेले, हात गुडघ्यांवर. कोंड्याने पांढरे झाले होते. नुसते बसले होते.

चांगुणा पाटी घेऊन माझ्याजवळून गेली. "रोज येतान," ती म्हणाली. "आमच्या आधी. जेवाया बी उठत नाय, आमी सुटलो का मग उठतान. मी म्हनते, अवो मिस्तरी, आता कायदा जालाय, सायेब बोलून गेला, आता कशाला? जा तुमच्या मानसांकडं. तर म्हनतात, जाईन, कठडा बसला का जाईन." ती हसली. "कवा बसंल वो, मास्तर? तुमी तर लिवून घेतलंय सगळं."

खिशातल्या पत्रावर हात होता. मी ते बाहेर काढत मिस्त्रींच्या दिशेने पुढे झालो. इंजिनाच्या आवाजात त्यांना हाक ऐकू गेली नसती, म्हणून आणखी पुढे झालो. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं. कागद पाहिला की नाही, ठाऊक नाही. ते पाहत होते माझ्या पायांकडे, मी किती जवळ आलोय त्याच्याकडे. एक हात गुडघ्यावरून उचलून त्यांनी आडवा केला.

"मास्तर," ते ओरडून म्हणाले, "मागं सरा."

मी मागे सरलो.